खोडदच्या डिशा आणि आपली रेल्वे

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमधली, तर एआयवर बोल." मी हो म्हटलं होतं. मग मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर रेल्वेचा विषय निघाला आणि आपल्यातल्या एकानं लिहिलं, "तुझ्या त्या डिशांनी आपली रेल्वे घालवली." नाव घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ता हसतोय. त्या वाक्याला सत्तावीस अंगठे आले. मी मोजले. तेव्हा एआय राहू द्या. आज डिशांवरच बोलते.

आधी "तुझ्या" या शब्दाबद्दल. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे २००१-०२ मध्ये, मी खोडदला जीएमआरटीवर सहा महिने प्रोजेक्ट केला. तेवढाच माझा हक्क. त्यानंतर वीस-बावीस वर्षं मी पुण्यात बँकांची सॉफ्टवेअरं लिहितेय, आणि चाकणच्या चौकात जितका वेळ उभी राहिले त्यात दुसरी पदवी झाली असती. रेल्वे मलाही हवी होती. आईला दर महिन्याला दवाखान्यात न्यायचं तर गाडीत तीन-साडेतीन तास जातात. त्यामुळे समोरच्या बाजूची बाई बोलतेय असं कृपया समजू नका.

आपण पाचवी-सहावीत होतो तेव्हा या डिशा उभ्या राहायला लागल्या. सर आपल्याला घेऊन गेले होते, आठवतंय? अर्धा वर्ग टेम्पोत, अर्धा सायकलवर. तोवर आपल्याला डिश म्हणजे आर्वीच्या उपग्रह केंद्राची माहीत, भरीव आणि पांढरी. ही पाहिली तर नुसता सांगाडा. पोलादी नळ्यांच्या कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले दोर आणि दोरांवर तारेची जाळी. एक जण म्हणाला, "सर, हे तर कोंबड्यांचं खुराडं." सर त्याच्यावर ओरडले. पण तो तितकासा चुकला नव्हता. प्रा. गोविंद स्वरूप यांची युक्तीच ती होती. पंचेचाळीस मीटर व्यासाची भरीव तबकडी करायची तर तिचं वजन, तिच्यावर येणारा वारा आणि तिचा खर्च आपल्या देशाला झेपणारा नव्हता. बाजेला सुंभ ताणतात तशी जाळी ताणली की वारा आरपार जातो. आणि जी रेडिओ लहर पकडायची ती वीत-दीड वीत ते दोन मीटर लांबीची. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. त्या लहरीला ती भोकं दिसतच नाहीत, तिच्या दृष्टीनं ती भिंतच.

स्वरूपांनी हे काम एका रात्रीत केलं नाही. १९६५ मध्ये कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या छोट्या तबकड्यांपासून सुरुवात केली. मग उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली, ती १९७० मध्ये सुरू झाली. तिथला उतारच असा शोधला की तो उटीच्या अक्षांशाइतका, अकरा अंशांचा असेल, म्हणजे दुर्बीण एका आसाभोवती फिरवली की तारा दिवसभर धरून ठेवता येतो. आणि तिसरी आपल्याकडे. आपल्याकडेच का? पुणे जवळ, डोंगरांचा आडोसा आणि मुख्य म्हणजे इथं काही नव्हतं. मोठे कारखाने नव्हते, टीव्हीचे मनोरे नव्हते, गर्दी नव्हती. आपण ज्याला मागासलेपण म्हणायचो ते त्यांना हवं होतं. हे वाक्य थोडं बोचतं, मला माहीत आहे.

एकूण तीस डिशा. चौदा खोडदजवळ एक किलोमीटरच्या चौकोनात. बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, प्रत्येक भुजा साधारण चौदा किलोमीटरची. सगळ्या मिळून पंचवीस किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीचं काम करतात. मधल्या डिशांना सी-झिरो-झिरोपासून सी-फोर्टीनपर्यंत नंबर आहेत. मोजलं तर पंधरा व्हायला हव्यात. सी-झिरो-सेव्हन नावाची डिशच नाही. पहिल्या आठवड्यात मी माझ्या प्रोग्रॅममध्ये पंधरा धरल्या होत्या, आणि तो सारखा का पडतोय ते दोन दिवस शोधत होते.

आमच्या मळ्यातून त्यातली एक डिश दिसायची. माझ्या आईला त्या डिशेचा एक उपयोग होता. वारा वाढला की सगळ्या डिशा हळूहळू वळून आभाळाकडं तोंड करून थांबतात, कारण त्या स्थितीत त्यांना वाऱ्याचा मार सगळ्यात कमी बसतो. चाळीस किलोमीटरच्या वर वारा गेला की निरीक्षण थांबवायचं, असा हिशेब. आईला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. ती डिश सरळ झाली की आई गच्चीवरचं वाळवण आवरायला पळायची. कधी कधी डिश नुसतीच दुरुस्तीसाठी सरळ केलेली असायची, मग कुरडया उगाच आत यायच्या.

आमच्या वस्तीवर आणखी एक गोष्ट बोलली जायची, की या डिशा पाऊस पळवतात. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी ती जोरात. मी तिथं काम करायला लागल्यावर चुलते मला म्हणाले, "आता खरं काय ते सांग, काय सोडतात त्यातून?" काहीच नाही, तात्या. डिशा काही सोडत नाहीत, फक्त घेतात. तात्यांना ते पटलं नाही. एवढं मोठं यंत्र आणि काहीच सोडत नाही?

आता तिथला दिवस कसा असतो ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की शास्त्रज्ञ कानाला हेडफोन लावून तारे ऐकतात. ऐकत कुणी नाही. नियंत्रण कक्षात शिफ्टमध्ये ऑपरेटर बसतात, चोवीस तास. रेडिओ दुर्बिणीला रात्र लागत नाही आणि ढग आडवे येत नाहीत. आपल्या श्रावणातल्या झडीतही काम चालू. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ वर्षातून दोनदा अर्ज करतात, त्यातून निवड होते आणि वेळ वाटून दिली जाते. कुणाची पाळी पहाटे तीनला, कुणाची भर दुपारी. आधी एका ओळखीच्या, तेज ठाऊक असलेल्या स्रोताकडं सगळ्या डिशा वळवायच्या, त्यावरून मापं लावून घ्यायची, मग हव्या त्या जागी न्यायच्या आणि थोड्या थोड्या वेळानं पुन्हा ओळखीच्या स्रोताकडं येऊन तपासायचं. भाजीचा काटा मधूनमधून वजनं ठेवून तपासतात तसं. पडद्यावर काय दिसतं? आकडे आणि वेड्यावाकड्या रेघा. तीस डिशांच्या जोड्या किती होतात? चारशे पस्तीस. प्रत्येक जोडीचा गुणाकार सतत चालू. त्या गुणाकारांतून पुढं गणित करून चित्र तयार होतं. बाहेर तोवर कुणी ग्रीसची बादली घेऊन डिशेवर चढलेलं असतं, कुणी मोटर काढत असतं, कुणी तुटलेली जाळी बांधत असतं. खगोलशास्त्राचा निम्मा भाग वर्कशॉपमध्ये चालतो हे मला तिथं कळलं. पुस्तकात ते नसतं.

माझं काम पाखडण्याचं होतं. खरंच सांगते, सुपात धान्य घेऊन पाखडतात तेच. आकाशातून आलेल्या माहितीत पृथ्वीवरचा कचरा मिसळलेला असतो: टीव्ही, विमानं, उपग्रह, मोटारींच्या ठिणग्या. तो ओळखून बाजूला काढणारा प्रोग्रॅम मला लिहायचा होता. कचरा किती मोठा असतो याची कल्पना द्यायची तर, चंद्रावर कुणी साधा मोबाइल चालू करून ठेवला, तर इथल्या दुर्बिणीला तो सूर्य आणि आणखी एक-दोन स्रोत सोडले तर आभाळातल्या सगळ्यांपेक्षा प्रखर दिसेल. चंद्रावरचा मोबाइल! आणि आपला मोबाइल आपल्या खिशात असतो.

एका संध्याकाळी माझ्या आकड्यांत एक ठोका दिसला. नियमित, दर दहा मिलिसेकंदांनी एक. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गिरक्या घेणारा गोळा, तो असेच नियमित ठोके देतो हे मी वाचलेलं होतं. माझे हात थरथरले. रात्री जेवले नाही, तीनदा तपासलं. सकाळी वरिष्ठ इंजिनिअरना कागद दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि विचारलं, "आपल्याकडची वीज किती हर्ट्झची?" पन्नास. "एका सेकंदात ती किती वेळा शिखरावर जाते, वरचं आणि खालचं धरून?" शंभर. म्हणजे दर दहा मिलिसेकंदांनी एकदा. ते म्हणाले, "हा पल्सार तुमच्याच भागातल्या कुठल्या तरी डीपीवर बसलेला आहे."

मग आम्ही त्या पल्सारच्या शोधात जीपमधून निघालो. हातात काटेरी अँटेना, छपरावर असायची तसली, आणि ती फिरवत जायचं. जिकडं खरखर वाढेल तिकडं वळायचं. दोन वस्त्या पालथ्या घातल्यावर एका खांबावर सापडला. चिनीमातीच्या चिमणीजवळची तार सैल झाली होती आणि तिथं बारीक ठिणगी उडत होती. मळ्याचे मालक बाहेर आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "डिशवाले ना तुम्ही? आता आमची लाइट तोडणार काय?" आम्ही म्हटलं, तोडणार नाही, तार आवळून घ्यायची आहे. वायरमनला बोलावलं, त्यानं चढून तार आवळली. खाली आल्यावर मालक म्हणाले, "वरीसभर सांगतोय, मोटर दोनदा जळाली. तुमच्या आभाळातल्या कामापायी का होईना, झालं एकदाचं." आम्हाला चहा मिळाला. माझा पल्सार गेला.

पुढं २००४ मध्ये याच दुर्बिणीनं तिचा पहिला खरा पल्सार शोधला. एनजीसी १८५१ नावाच्या ताऱ्यांच्या दाट गुच्छात, चाळीस हजार प्रकाशवर्षांच्या आसपास दूर, सेकंदाला जवळजवळ दोनशे गिरक्या घेणारा. त्याची कक्षा इतकी लांबुळकी की जाणकार चकित झाले. बातमी वाचली तेव्हा मी पुण्यात व्याजाच्या आकारणीचा प्रोग्रॅम लिहीत होते. मला पहिल्यांदा आठवली ती ती चिमणी. अशा किती सैल तारा आवळल्या गेल्या असतील तेव्हा तो ठोका वेगळा कळला असेल.

शोध बरेच आहेत, सगळे सांगत नाही. दोन सांगते.

पहिला २०१६ चा. त्या वर्षी १९ ऑक्टोबरला युरोपचं स्कियापरेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. उतरताना त्याचा क्षीण संदेश पृथ्वीवरून थेट पकडायचा होता, आणि त्यासाठी जगातली जी दुर्बीण वापरली ती आपली. आपल्याकडं रात्रीचे साडेआठ वाजायच्या सुमारास, जेव्हा बाजारपेठेत दुकानांची शटरं ओढली जात होती, तेव्हा खोडदला मंगळावरच्या यानाचा आवाज येत होता. पॅराशूट उघडल्याचं त्या रेघेत दिसलं. आणि जमिनीवर टेकायला पन्नासेक सेकंद असताना रेघ संपली. यान आदळलं होतं. मी तिथं नव्हते, पण ती रेघ संपताना पाहणाऱ्यांच्या जागी मी स्वतःला अनेकदा बसवून पाहिलं आहे.

दुसरा २०२० चा, आणि रेल्वेशी याचा संबंध आहे. विश्वात सगळीकडं हायड्रोजन आहे आणि तो २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. तारे त्याच्यापासूनच बनतात. आठ अब्ज वर्षांपूर्वी दीर्घिकांमध्ये हा हायड्रोजन किती होता, हे पुण्यातल्या आणि बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी या दुर्बिणीतून मोजलं. एकेका दीर्घिकेचा संदेश इतका क्षीण की तो दिसणं अशक्य. म्हणून सात हजार सहाशे त्रेपन्न दीर्घिकांचे संदेश एकावर एक ठेवून सरासरी काढली. निष्कर्ष असा की, त्या काळात तारे ज्या वेगानं बनत होते त्या वेगानं हा वायू एक-दोन अब्ज वर्षांत संपला असता. ताऱ्यांचा जन्मदर पुढं का घसरला याचं कारण त्यात आहे. घरातलं पीठ संपत आलं होतं.

आता गंमत बघा. २१ सेंटिमीटरची मूळ लहर ज्या जागी येते, १४२० मेगाहर्ट्झ, ती जागा जगभर खगोलशास्त्रासाठी राखीव आहे. तिथं कुणी प्रक्षेपण करायचं नाही असा नियम आहे. पण आठ अब्ज वर्षं प्रवास केलेली लहर विश्वाच्या प्रसरणानं ताणली जाते, दुप्पट लांब होते आणि सातशे मेगाहर्ट्झच्या आसपास येऊन पडते. तिथं राखीव काही नाही. तिथं मोबाइल आहेत, टीव्ही आहे, आपण सगळे आहोत. तिथं कायद्याची भिंत अपुरी पडते. तिथं फक्त आजूबाजूला कमी गोंगाट असणं उपयोगी पडतं. आणि तो कमी गोंगाट म्हणजे खोडद, नारायणगाव, जुन्नर, आपल्या वाड्या-वस्त्या.

आता रेल्वे. पुणे-नाशिक हा जुना आखलेला मार्ग राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा होता, सुमारे २३५ किलोमीटर. विजेवर चालणारी जलद गाडी डोक्यावरच्या पंचवीस हजार व्होल्टच्या तारेला घासत जाते. त्या घासण्यात ठिणग्या उडतात. तुम्ही रात्री लोकल पाहिली असेल, निळा लखलखाट होतो. मघाची माझी ठिणगी एका शेतपंपाच्या तारेवरची होती, ती किलोमीटरभर दूरच्या डिशेत दिसली. ही ठिणगी त्याच्या कितीतरी पट. वर गाडीतले शेकडो मोबाइल, सिग्नलची यंत्रणा. त्यामुळे दुर्बीणवाल्यांनी हरकत घेतली, आणि रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की जीएमआरटीमुळे हा मार्ग शक्य नाही, मार्ग शिर्डीकडून जाईल.

हरकत तांत्रिकदृष्ट्या खरी आहे. हे मी माझ्या दोन्ही बाजूंना स्मरून सांगते. "डिशा उचलून दुसरीकडं न्या" असं ग्रुपवर कुणी तरी लिहिलं होतं. डिशा नेता येतील हो, पण पंचवीस किलोमीटरची शांत जागा कुठून आणणार? १९८०-९० च्या दशकात आपला तालुका जेवढा शांत होता तेवढी जागा आज महाराष्ट्रात मिळणं अवघड आहे.

पण मग दुसरी बाजूही तेवढ्याच जोरात सांगायला हवी. तुम्ही रेल्वेसाठी चिडलात म्हणून तुम्हाला विज्ञान कळत नाही, असं जे शहरात बोललं जातं ते मला मान्य नाही. डिशा काही लपून बसलेल्या नव्हत्या. मार्ग आखणाऱ्यांना त्या आधी दिसायला हव्या होत्या. वर्षानुवर्षं मोजणी करून, लोकांना आशा दाखवून, शेवटी "दुर्बीण आडवी आली" असं सांगितलं, की राग डिशांवर निघणारच. आपल्या भागात कुठला कारखाना यावा यावर या दुर्बिणीमुळे निर्बंध आहेत, तेही आपण मुकाट सोसलं. जगाच्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं, "कमी व्यत्यय असलेली जागा." ती जागा तशी आपोआप राहिलेली नाही. ती ठेवली गेलीय, आणि ती ठेवणाऱ्यांत टोमॅटो पिकवणारे आहेत, तो मोटर जळालेला माणूस आहे, चाकणला तीन तास अडकणारी माणसं आहेत. याचा मोबदला काय असावा? चांगला रस्ता? दवाखाना? इथल्या मुलांना तिथं शिकायची हक्काची जागा? मला याचं तयार उत्तर नाही. पण ते मागताना "डिशा हलवा" म्हणण्यापेक्षा "आमच्या शांततेची किंमत लावा" असं म्हटलं, तर दुर्बीणवालेसुद्धा आपल्या बाजूला उभे राहतील असं मला वाटतं. निदान काही जण तरी.

२०२३ च्या जूनमध्ये आणखी एक बातमी आली. अनेक पल्सारांचे ठोके वर्षानुवर्षं मोजून, ते किंचित पुढं-मागं होतात त्यावरून, अतिप्रचंड कृष्णविवरांच्या जोड्यांमुळे अवकाशात उठणाऱ्या लहरींची चाहूल लागली. युरोपातल्या दुर्बिणींच्या जोडीला त्यात आपल्या डिशांची मोजणी होती. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून लहान फरक शोधायचा होता. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आणि अजून वाऱ्याला तोंड वर करतात का?" करतात, आई.

तिसऱ्या रांगेतल्या मित्रा, तुझ्यासाठी एक निरोप. येत्या २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन असतं, शाळांची पोरं प्रयोग घेऊन येतात, डिशा जवळून बघता येतात. मी सकाळी नऊ वाजता शाळेच्या फाटकापाशी गाडी घेऊन उभी राहीन, सात जणांची जागा आहे. तुझे प्रश्न तिथल्या लोकांना तोंडावर विचार, मी मध्ये पडणार नाही. फक्त मोबाइल घरी ठेवून ये, नाहीतर माझ्या डिकीत बंद करून ठेवावा लागेल. आणि तू बोलत असताना मध्येच डिशा वळायला लागल्या तर आमच्या आईला फोन कसा करायचा, ते आधी ठरवून ठेवू. गच्चीवर पापड असतील.